पराग बसत नाही

मगनभाईंचे उपकार फेडायचेच, असं दिलीपराव भिरूडांनी एका सकाळी दाढी करताना ठरवलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. त्यांचे सगळे मोठे निर्णय दाढी करतानाच होत. त्या वेळी विजयाबाई स्वयंपाकघरात असत, आणि तोंडाला फेस असल्यामुळे कुणी उलटा प्रश्न विचारला तरी उत्तर देण्याची जबाबदारी राहत नसे.

उपकार तसे साधे नव्हते. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा अर्धी सुरत मिळेल त्या गाडीनं पळाली. दिलीपरावांनीही नंदुरबारच्या चुलतभावाला फोन केला. चुलतभाऊ म्हणाला, "या की, घर तुमचंच आहे. फक्त आधी पंधरा दिवस दुसरीकडे कुठंतरी राहून या." दिलीपरावांनी फोन ठेवला, तोंडाला रुमाल बांधला आणि बायको-मुलाला घेऊन सुरतेबाहेर कामरेजला, आपल्या नोकरीच्या बँकेत आले. (बँकेत यायचं कारण त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. वीस वर्षांची सवय. पाय घाबरले की बँकेकडे वळत.) तिथं खात्यावर सही करायला आलेल्या मगनभाई पटेलांनी या तिघांना बाकावर बसलेलं पाहिलं आणि काही न विचारता त्यांच्या बॅगा उचलून आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकल्या.

"पण मगनभाई, आम्ही सुरतेतून आलोय," दिलीपराव रुमालातून म्हणाले.

"तो शुं थयुं? सुरत तो मारी सासरी छे!" मगनभाई म्हणाले. "बेसी जाओ."

दुसऱ्याच दिवशी पराग तापानं फणफणला. ज्या दिवसांत सुरतेच्या माणसाच्या हातचं पाणी प्यायला लोक कचरत होते, त्या दिवसांत मगनभाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, डॉक्टर आणला आणि उशाशी बसून त्याला चमच्यानं मुगाचं पाणी पाजलं. ताप साधा निघाला. पण तो हात विजयाबाई विसरल्या नाहीत, आणि मगनभाईंचं नाव निघालं की त्यांचे डोळे अजून भरून येत. उपकार म्हणतात ते हे, आणि ते फेडायला दिलीपराव निघाले.

फेडायचे कसे? पैसे मगनभाई घेणार नाहीत. कपडे दिले तर उलट दुप्पट आहेर करतील. शेवटी फेसातून कल्पना आली. भरीत! थंडीत शेतावर भरीत पार्टी करणार नाही तो खान्देशी कसला? आणि नुसतं खायचं नाही, तर जाताना मगनभाईंचं शेत आरशासारखं लख्ख करून द्यायचं. प्लेगनंतर सुरतेला स्वच्छतेचं वेड लागलं होतं. रस्ते धुतले जात होते, पान खाणारे लोक थुंकायला जागा नाही म्हणून गिळत होते. ते वेड दिलीपरावांच्याही अंगात भिनलं होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सुरतेतल्या बमरोलीच्या खान्देश मंडळाचा टेम्पो मगनभाईंच्या शेतात शिरला. जळगावची हिरवी वांगी, पुऱ्यांची कणीक, भाजलेली वांगी ठेचायची लाकडी बडगी, फावडी, कोयते आणि वीसेक उत्साही माणसं. मगनभाई नेमके बारडोलीला एका लग्नाला गेले होते. दिलीपरावांना आनंदच झाला. म्हटलं, परत येतील तेव्हा बघतच राहतील.

लूमवर काम करणारा चिंधा भरताचा मुख्य आचारी. त्यानं शेतभर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, आठे पऱ्हाट्या नही शेतस! मंग भरीत कसावर करानं?"

आता वाचकांपैकी कुणी कोकणातले असतील तर त्यांच्यासाठी सांगतो : कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर, भाजलेल्या वांग्याचं ते भरीत. गॅसवर भाजलेल्याला खान्देशात वांग्याची भाजी म्हणतात, तीही नाक मुरडून. पण कामरेजला चहूकडे ऊस आणि भाजीपाला. कपाशी नावाला नाही. मंडळाचे चेहरे पडले.

तेवढ्यात दिलीपरावांची नजर शेताच्या कडेला गेली. बांधावर जुनी वाड होती. वाड म्हणजे कुंपण, पण मगनभाईंच्या आजोबांपासून कुणी तिला हात लावलेला नव्हता. वाळलेले एरंड, रुई, बोरीची झुडपं, नाव माहीत नसलेली शंभर झाडं, आणि एका टोकाला जुन्या मांडवाचे वाळके बांबू. बांबूंना तर इतकी भोकं पडली होती, की बासऱ्यांचं दुकान काढता आलं असतं.

"हा सगळा कचरा!" दिलीपरावांनी फावडं उचललं. "एका दगडात दोन पक्षी! जळणही होईल नि साफसफाईही होईल!"

मंडळानं बांध असा साफ केला, की त्यावरून हात फिरवावा. बांबूंच्या भोकांतून चारदोन काळे भुंगे गुं गुं करत बाहेर आले. दिलीपरावांनी त्यांना टॉवेलनं हाकललं. भरीत अप्रतिम झालं. (दिलीपरावांनी चारदा घेतलं.) मगनभाई संध्याकाळी आले, तेव्हा बांधावर नुसती लाल माती आणि राखेची रांगोळी. ते थोडा वेळ तिथं उभे राहिले. मग म्हणाले, "बहु चोख्खुं करी नाख्युं." आणि भरीत खायला बसले. दिलीपरावांना वाटलं, आनंदानं माणसाला बोलायला सुचत नाही ते असं.

त्याच सुमारास घरात दुसरी एक आनंदाची गोष्ट शिजत होती. पराग पांडेसराच्या एका मिलमध्ये रंगांचा केमिस्ट होता. मुलगा हुशार, निर्व्यसनी, पण तोंडातून शब्द काढायला पाना लागायचा. घरी पाहुणे आले की तो बाल्कनीत जाऊन आपली स्कूटर आहे का ते बघत उभा राहायचा. त्याच्यासाठी बाबुराव नेहेतेंची केतकी सांगून आली. बाबुराव सुरतेतल्या एका मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मुलगी चित्रकला शिकवणारी, बोलायला चटपटीत. पराग तिला बघून आला आणि रात्री जेवताना आपणहून म्हणाला, "बरी आहे." विजयाबाईंच्या हातातला चमचा पडला, कारण एवढं लांबलचक मत त्यानं आजवर कशावरच दिलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा करायचं ठरलं.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मगनभाई बँकेत आले, चेहरा उतरलेला.

त्यांनी यंदा गिलक्यांचा मोठा मांडव घातला होता. गुजरातीत गलकां, आपल्याकडे गिलकी. तारांवर वेल चढले, पिवळ्याधमक फुलांनी मांडव भरला, आणि पुढे काही होईना. बोटाएवढं गिलकं दिसायचं, दोन दिवसांत पिवळं पडायचं आणि गळून जायचं.

"दिलीपभाई, नर फूल छे, मादा फूल छे, बद्धुं छे. पण फळ बेसतुं नथी!" मगनभाई म्हणाले. "बी ज खराब आव्युं लागे छे." वर्षाचं हे मुख्य पीक होतं, आणि ते डोळ्यांदेखत गळत होतं.

दिलीपरावांचा जीव कळवळला. उपकार फेडायची दुसरी संधी! विजयाबाईंचा भाऊ गोपाल जळगावकडे शेतीखात्यात होता. दिलीपरावांनी मॅनेजर जेवायला गेल्याचं पाहून त्यांच्या केबिनमधून त्याला एस.टी.डी. लावला. लाइन इतकी खराब, की दिलीपराव ओरडत होते ते फोनशिवायही धरणगावपर्यंत ऐकू गेलं असतं.

नेमके त्याच वेळी बाबुराव नेहेते साखरपुड्याची वेळ पक्की करायला बँकेत आले. शिपायानं त्यांना केबिनच्या बाहेर खुर्ची दिली. त्यांच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. आत दिलीपरावांची दाराकडे पाठ होती. बाबुरावांनी ऐकलं ते असं :

"हॅलो, गोपाल! अरे, परागचं विचारायचं होतं! ... हो हो, परागचंच! मांडव घालून तयार आहे रे, खर्च झालाय, सगळं झालंय, पण पुढे काही घडतच नाही!"

बाबुराव खुर्चीत सरळ झाले.

"नाही, दिसायला एकदम भरघोस! बघणारा फसतो! ... काय? पराग जड आहे? ... चिकट? ... म्हणजे आपण होऊन जाणारच नाही म्हणतोस? जागचा हलणारच नाही?"

बाबुरावांनी पेढ्यांचा पुडा घट्ट धरला.

"हो ना रे! मादी शेजारीच वाट बघतेय बिचारी, हातभर अंतरावर! ... मग कुणीतरी उचलून नेऊन टेकवायचा? रोज? पहाटे? ... करतो की! मीच करतो! माझंच पाप आहे, जानेवारीत मीच सगळं जाळून बसलो! ... नाही, त्या लोकांना अजून सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू? भली माणसं आहेत. पण लपवून तरी किती दिवस ठेवणार!"

फोन ठेवून दिलीपराव बाहेर आले, तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि पेढ्यांचा पुडा शिपायाच्या हातात होता. "एक काका मूकी गया," म्हणजे ठेवून गेले, असं शिपाई पेढा खात म्हणाला.

फळ धरायला पराग लागतो, एवढंच दिलीपरावांना शाळेतलं आठवत होतं; बाकीचं गोपालनं सांगितलं होतं, ते थोडक्यात असं. गिलक्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. नर फुलातली पिवळी भुकटी, म्हणजे पराग, मादी फुलावर पडली तरच फळ धरतं. हा पराग वाऱ्यानं उडत नाही. भुंगे आणि रानमाश्या तो अंगावर घेऊन जातात. या मंडळींची घरं असतात वाळक्या बांबूंच्या भोकांत, पोकळ काड्यांत आणि बांधाच्या न उकरलेल्या मातीत. मांडवावर फुलं नसतील त्या दिवसांत त्यांचं पोट भरतं ते बांधावरच्या रानफुलांवर. "भाऊजी," गोपाल शेवटी म्हणाला होता, "तुम्ही भरीत नाही भाजलंत. तुम्ही त्यांची सोसायटी जाळलीत."

त्या दिवशी दिलीपरावांना जेवण गेलं नाही. ज्या माणसानं आपल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवला, त्याचं पीक आपण आभार मानता मानता बुडवलं. मगनभाईंना सांगायचा धीर होईना. नुसतं "हा एक सरकारी उपाय आहे" म्हणून त्यांनी पहाटेची पहिली बस धरायला सुरुवात केली. नर फूल तोडायचं आणि मादी फुलावर टेकवायचं, इतकं सोपं काम. पण दिलीपरावांनी त्यात सुधारणा केली आणि दाढीचा ब्रश वापरला. नंतर त्याच ब्रशानं दाढी करून ते बँकेत जात. आठवडाभर त्यांचे गाल हळद लागल्यासारखे पिवळे दिसत होते, आणि बँकेतले लोक विचारत, "दिलीपभाई, लग्न छोकरानुं के तमारुं?"

रविवारी बाबुराव आणि वत्सलाबाई घरी आले. विजयाबाई चहा टाकायला आत गेल्या. पराग नियमाप्रमाणे बाल्कनीत स्कूटर बघायला गेला. बाबुरावांनी घसा साफ केला.

"दिलीपराव, विषय जरा नाजूक आहे. परागबद्दल मी काही ऐकलं."

दिलीपरावांचा चेहरा पडला. "म्हणजे तुमच्यापर्यंतही गेलं!"

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"अहो, अख्ख्या कामरेजला! लोक बघायला येतात."

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे... कधीपासून?" बाबुरावांनी विचारलं.

"जानेवारीपासून. भरीत पार्टीत आम्ही आग केली ना, तेव्हापासून काही बसतच नाही."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"शेतीखात्याला दाखवलं."

"शेतीखात्याला!"

"ते म्हणाले, तसा दोष काही नाही, फक्त स्वतः हलत नाही. सध्या मी रोज पहाटे ब्रश घेऊन जातो."

"कसला ब्रश?"

"दाढीचा," दिलीपराव लाजून म्हणाले. "पण कायमचा उपाय म्हणजे भुंगे. पावसाळ्यानंतर भुंगे आले की सगळं सुरळीत होईल. तोवर आपण माणसांनीच रेटायचं. तुम्हीही या ना एखाद्या दिवशी! हात तेवढे थोडेच."

बाबुराव उठले. छत्तीस वर्षं मुलांना छडी मारलेला माणूस, पण आवाज कापत होता.

"दिलीपराव, तुमच्यावर वेळ आली आहे, मी वाईट बोलणार नाही. पण माझी एकुलती एक मुलगी आहे. हे लग्न होणार नाही." आणि चहा न घेता दोघं जिना उतरून गेले.

विजयाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"अगं, गिलकी धरली नाहीत म्हणून कुणी लग्न मोडतं का?" दिलीपराव म्हणाले.

"तुम्ही नेमकं काय बोललात?" विजयाबाईंनी विचारलं. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला होता, की तो आता आपोआप यायचा.

दिलीपरावांनी शब्द न् शब्द सांगितला. विजयाबाईंनी ट्रे खाली ठेवला, मग स्वतःही खाली बसल्या आणि कपाळाला हात लावला.

"तुमच्या त्या परागाचं नि आपल्या परागचं नाव एक आहे, हे एकदा तरी डोक्यात आलं का हो? मी 'प्रमोद' म्हणत होते! तुम्हीच म्हणालात, पराग काव्यमय आहे!"

दिलीपरावांचे गाल त्या पिवळ्यातूनही पांढरे झाले. आता मगनभाईंचं पीकही गेलं आणि मुलाचं लग्नही गेलं, आणि दोन्हींत हात आपलाच. "मी जातो, पाया पडतो त्यांच्या," ते म्हणाले.

"तुम्ही कुठेही जायचं नाही!" विजयाबाई ओरडल्या.

तेवढ्यात बाल्कनीचं दार वाजलं. पराग आत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली, चपला घातल्या आणि म्हणाला, "मी जाऊन येतो."

"कुठे?"

"केतकीकडे."

आणि गेला. आपल्या पायांनी, कुणी न उचलता. विजयाबाई मग पुष्कळ वेळ डोळे पुसत होत्या, आणि दिलीपरावांनी (एकदाचं) काही बोलायचं टाळलं.

परागनं नेहेत्यांच्या घरी काय सांगितलं ते कुणालाच नक्की कळलं नाही. केतकी नंतर सांगायची, की त्यानं दारात उभं राहून एकच वाक्य म्हटलं : "उद्या पहाटे शेतावर चला, मग हवं तर मोडा." पण बाबुरावांना ते वाक्य पुरलं असावं. पहाटे मगनभाईंच्या शेताच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि तिघं नेहेते उतरले. बाबुरावांच्या हातात छत्री होती; ती कशासाठी आणली होती हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मांडवाखाली दिलीपराव ब्रश घेऊन स्टुलावर उभे होते. परागनं एक नर फूल तोडलं, केतकीच्या तळहातावर झटकलं. पिवळी भुकटी पडली.

"हा पराग," तो म्हणाला.

बाबुरावांनी चष्मा वर केला, भुकटीला बोट लावलं, बोट पाहिलं, स्टुलावरच्या पिवळ्या गालांच्या व्याह्याकडे पाहिलं. मग त्यांना जे हसू फुटलं, ते छत्रीला धरून खालीच बसले. वत्सलाबाई हसत होत्या आणि मधेच रडतही होत्या. "अहो, मी चार दिवस देव पाण्यात घालून बसले होते!" त्या म्हणाल्या.

हा सगळा गलबला ऐकून मगनभाई आले. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दिलीपराव स्टुलावरून उतरले आणि मान खाली घालून, वाड, बांबू, भुंगे, टॉवेल, सगळं सांगून टाकलं. "मगनभाई, बी चांगलं होतं. मीच तुमचं नुकसान केलं. तुमचे उपकार फेडायला आलो होतो."

मगनभाईंनी सपाट बांधाकडे पाहिलं.

"मने ते दिवसे ज दुःख थयेलुं," ते हळूच म्हणाले. "दादानी वाड हती, आजोबाची. पण तुमी एवढ्या प्रेमानी आले, वीस जण, माझ्यासाठी. कसं बोलू?" मगनभाई मनापासून बोलू लागले की त्यांची मराठी बाहेर यायची. मग त्यांनी दिलीपरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाड तो पाछी उगशे, परत उगवेल, दिलीपभाई. माणस गयुं तो पाछुं न उगे."

हाच तो हात होता. काही माणसांचे उपकार फेडायचे नसतातच, नुसते घेऊन जगायचं असतं, हे त्यांना तिथं कळलं. (कळलं, पण टिकलं नाही. ते पुढे येईलच.)

मग त्या महिन्यात दोन्ही घरांनी रोज पहाटे गिलक्यांची लग्नं लावली. बाबुरावांनी ओळी वाटून दिल्या आणि चुकणाऱ्याला छत्रीनं टोचलं. पराग आणि केतकी यांना एकच ओळ मिळाली, ती इतरांपेक्षा नेहमी उशिरा संपायची. निम्मं पीक हाती आलं. आखाजीला साखरपुडा झाला.

पावसाळ्याच्या तोंडाला गोपाल स्वतः आला आणि बांधावर परत वाड उभी राहिली. मगनभाईंनी तिच्यासाठी मांडवाची कडेची एक ओळ सोडून दिली. कडेनं शेवगा आणि एरंड, मधे ताग, तीळ, बडीशेप, सब्जा, झेंडू. एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा यावा असा हिशेब. आपोआप उगवेल त्या रानफुलाला हात लावायचा नाही. पोकळ काड्यांच्या आणि वाळक्या बांबूंच्या मोळ्या बांधून सावलीत टांगायच्या. फुलं उघडी असताना फवारणी बंद. खान्देश मंडळ पुन्हा टेम्पो भरून आलं, पण या वेळी कोयते घरी ठेवून. दिलीपरावांचे मात्र हाल होते. दर रविवारी वाडेत तण वाढलेलं दिसायचं आणि त्यांचे हात शिवशिवायचे. विजयाबाई त्यांना पाठीमागे हात बांधून फिरायला लावत.

नवरात्राच्या सुमारास दिलीपराव असेच हात बांधून मांडवाखाली उभे होते. कानाशी गुं गुं ऐकू आलं. एक काळा भुंगा, चांगला जांभळाएवढा, नर फुलात डोकं खुपसून बसला होता. तो पाठीवर पिवळी भुकटी घेऊन निघाला आणि शेजारच्या मादी फुलावर जाऊन उतरला. जे काम करायला दिलीपरावांना बस, स्टूल आणि ब्रश लागायचा, ते त्यानं जाता जाता उरकलं. दिलीपरावांनी त्याला बँकेत मॅनेजरला करतात तसा वाकून नमस्कार केला. मग कुणी बघत नाही असं पाहून डोळे पुसले.

त्या हंगामात मांडव गिलक्यांनी वाकला. तुळशीचं लग्न झाल्यावर पराग-केतकीचं लग्न लागलं, आणि मगनभाईंनी आहेर म्हणून टेम्पोभर गिलकी पाठवली. पंगतीत गिलक्याची भजी, गिलक्याची भाजी, गिलक्याची चटणी. घरात पाऊल टाकताना बायकांनी केतकीला उंबऱ्यावर अडवलं. नाव घे! केतकीनं सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली,

"बांधावरती फुलला तीळ, मांडवाला लागली गिलकी,
परागराव आपल्या पायांनी आले, मामंजींची मेहनत झाली हलकी!"

बाबुराव इतके हसले, की फेटा पडला. पराग सगळ्यांसमोर लाजला आणि सवयीनं बाल्कनीकडे निघाला, पण केतकीनं उपरण्याला धरून मागे ओढला. गाठ मारलेली होतीच.

जानेवारी आला. यंदा भरीत पार्टी मगनभाईंनीच बोलावली. गोपालनं जळगावकडून पऱ्हाट्या पाठवल्या होत्या. दिलीपराव शेतात उतरले. वाड भरून आली होती, फुलांवर शंभर पंखांची गुणगुण चालली होती, चिंधा वांगी लावत होता, व्याही बडगी धुवत होते आणि सून मगनभाईंच्या नातीला खांद्यावर घेऊन फिरत होती. दिलीपरावांचं मन कृतज्ञतेनं भरून आलं. आणि मन भरून आलं की हात मोकळे राहत नसत. वाडेच्या टोकाला काही वाळक्या काड्या वेड्यावाकड्या पडलेल्या दिसल्या. म्हटलं, मगनभाईंसाठी एवढं तरी करू या. ते वाकले.

वाकल्यावर त्यांना पाटी दिसली. बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे वाकलेल्या दिलीपरावांच्या. चित्रकलेच्या हातानं रंगवलेली, सुबक गुजराती अक्षरं. खाली सहीच्या जागी दाढीच्या ब्रशाचं चित्र होतं. वीस वर्षं गुजरातीत चेक वाचणाऱ्या दिलीपरावांनी ती सावकाश वाचली :

'अहीं आभार मानवानी सख्त मनाई छे.' म्हणजे, इथं आभार मानायला सक्त मनाई!

त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळं मंडळ पुऱ्या लाटायच्या थांबवून त्यांच्याकडेच बघत होतं. मगनभाईंकडे बघून दिलीपरावांनी दोन्ही हात जोडले आणि तोंड उघडलं.

मगनभाईंनी बोटानं पाटी दाखवली.